शेठचं वय विचारणारी

"तोंड उघड. हां कर."

मासळी विकणारी बाई गिऱ्हाइकाला असं म्हणताना तुम्ही कधी ऐकलंय? डहाणूला आमच्या कचेरीसमोर ती पाटी घेऊन बसायची. मिसरूड फुटलेला कोणीही बोंबील घ्यायला आला, की आधी त्याच्या तोंडाचा वास घ्यायची. दारूचा वास आला तर पाटी झाकून म्हणायची, "जा. तुला मासळी नाही."

मी तेव्हा त्या दारूबंदीच्या कचेरीत नवा कारकून, तेवीस वर्षांचा. मलाही तिने सोडलं नाही. "नुसती विडी आहे. चालेल," म्हणाली आणि मांदेली दिली.

ती जवळच्याच वरोर गावची. नवरा होडीवर जायचा. एकुलता मुलगा एकोणीस वर्षांचा असताना गावातच एका हळदीला गेला आणि तिथे भट्टीची दारू प्यायला. सकाळी म्हणाला, "आई, दिवा लाव ना." घरात ऊन आलं होतं. दुसऱ्या दिवशी तो गेला.

खाडीतली ती भट्टी कोणाची, हे साऱ्या किनाऱ्याला ठाऊक होतं. आमच्या कचेरीसमोरच दुमजली घर असलेल्या एका माणसाची. त्याला सगळे शेठ म्हणत. पण साक्ष द्यायला कोणी उभं राहिलं नाही, आणि शेठ सुटला. तेव्हापासून तिने बाजारातली जागा सोडली आणि शेठच्या ओट्याशेजारी पाटी मांडली.

शेठ बाहेर पडला की ती विचारायची, "शेठ, वय किती झालं?"

पहिल्या दिवशी तो हसून म्हणाला, "अठ्ठावन्न."

"माझा अजून एकोणीसच."

एवढंच. शिवी नाही, शाप नाही. पण रोज. शेठने हवालदार आणून तिला उठवलं, तरी दुसऱ्या दिवशी ती हजर. वय विचारणं कोणत्या कलमात बसतं, हे हवालदारालाही सांगता येईना. शेठ मागच्या दाराने जाऊ लागला, तर पाटी मागच्या दाराला गेली. माणूस वाळत चालला, आणि ती ते डोळे भरून बघत होती.

पुढे दारूबंदी सैल झाली. चाळिशी उलटलेल्यांना परवाने मिळू लागले आणि दुकानासाठी पहिला अर्ज आला तो शेठचाच. हरकती ऐकायला साहेब बसले. टिपणं घ्यायला मी.

शेठ म्हणाला, "साहेब, वयाची अटही खाली आणायला हवी. तरणी पोरं चोरून विष पितात. उघडपणे चांगली मिळाली तर मरणार तरी नाहीत."

खरं सांगतो, मला ते पटलं. मी मानही डोलावली.

साहेबांनी तिला विचारलं, "बाई, वय खाली आणू नये, असं तुमचं म्हणणं आहे का?"

"खाली आणा, नाहीतर वर न्या. शेठ म्हणतो ते खरंही असेल. पण ते विष गाळलं कोणी, तेवढं त्याला विचारा."

मग मागून एक माणूस उठला. ज्याच्या घरी ती हळद होती, तोच. खाली मान घालून म्हणाला, "डबे शेठकडूनच आले होते. तेव्हा मी घाबरलो."

अर्ज नामंजूर झाला.

"झालं ना मनासारखं, मावशी?" मी विचारलं.

"दुकान गेलं. तो आहे ना अजून. सुखानं म्हातारा होऊ द्यायची नाही मी त्याला."

त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर शेठ घराला कुलूप लावून लेकीकडे वलसाडला गेला. सकाळी तिने कुलूप बघितलं. दुपारपर्यंत मुकाट्याने मासळी विकली आणि कचेरीच्या पायरीशी आली.

"भाऊसाहेब, वलसाडला मासळीबाजार कुठं भरतो?"

माहीत नाही, म्हणता आलं असतं. शेठ म्हातारा झाला होता, आजारी होता. मी तिला बाजाराचा पत्ता सांगितला, गाडीची वेळही सांगितली. का सांगितली, याचं उत्तर मी अजून स्वतःला दिलेलं नाही.

सोमवारी मी स्टेशनवर गेलो. ती खिडकीशी बसली होती, पाटी गुडघ्यांत घट्ट धरून. मी हात केला. तिने पाहिलं नाही. गाडी हलली आणि ती उत्तरेकडे बघत राहिली.

कचेरीसमोर ती पुन्हा कधी बसली नाही.