हालिनाची जागा

आमच्या आकुरेरी गावच्या इस्पितळात तळमजल्यावर ग्रंथालय आहे, आणि ते इस्पितळाचं नसून ग्रंथपाल सोलरूनचं आहे असं मोठमोठे सर्जनही धरून चालतात. अमक्या औषधाने हात सुजल्याचं कुठे छापून आलंय का, असं विचारत ते तिच्याकडे येतात. ती दुपारपर्यंत कामाचे लेख शोधून देते. वाचायचं ते त्यांनी. तिची अट एकच. पुस्तक काढा, वाचा, टेबलावर सोडा. फळीवर परत ठेवायला जाऊ नका. जागा चुकलेलं पुस्तक हरवल्यातच जमा, असं तिचं म्हणणं. एका भूलतज्ज्ञाने भाबडेपणाने एक पुस्तक स्वतः परत ठेवलं, तर बिचाऱ्याला आठवडाभर तिच्यासमोर कॉफी प्यायची चोरी झाली.

म्हणूनच जखमांवरच्या पुस्तकांच्या कप्प्यातला घोळ तिला झोंबला. वॉर्डातली नर्स हालिना व्रोना हिने म्हाताऱ्यांच्या पायांवरच्या चिवट जखमांवर छोटंसं पुस्तक लिहिलं होतं. सोलरूनने ते कौतुकाने मागवलं आणि नियमाप्रमाणे लावलं. आमच्या या देशात नावापुढे बापाचं नाव लागतं, आडनाव नसतंच. म्हणून इथल्या लेखकांची पुस्तकं पहिल्या नावाने लावायची आणि परदेशी लेखकांची आडनावाने. हालिना मूळची पोलंडची, तेव्हा पुस्तक 'व'मध्ये गेलं. दुसऱ्या दिवशी ते 'ह'मध्ये सापडलं. सोलरूनने परत आणलं. सोमवारी पाहते तर पुन्हा 'ह'मध्ये.

अखेर तिने चोर मुद्देमालासकट पकडला. पुस्तक हातात घेऊन खुद्द हालिनाच फळीपुढे उभी होती.

"अगं, तूसुद्धा?" सोलरून म्हणाली. "माझा नियम ठाऊक आहे ना तुला?"

"आहे की. पण इतक्या वर्षांत मला कुणी व्रोना म्हणून हाक मारलीय का?"

"हाकेचा प्रश्नच नाही. परदेशी लेखक आडनावाने लागतात."

"मी मासे कापायच्या कामाला आले ना, तेव्हा होते परदेशी. पोरं इथे झाली, नवरा इथे पुरला. पुढच्या आठवड्यात मी रिटायर होतेय, सोलरून. वॉर्डात माझ्यामागे काही राहायचं नाही. राहील ते या फळीवर. इथे तरी मला बाहेरची करू नकोस."

हालिनाने आवाज चढवला असता तर सोलरूनने तोडीस तोड दिलं असतं. पण ती अगदी शांतपणे बोलली. माणूस किती वर्षं परदेशी धरायचा, याबद्दल नियमात अवाक्षर नव्हतं. सोलरूनच्या आईच्या पायाची पट्टी वर्षभर हीच बाई बदलत होती, आणि आई तिला आपली हालिना म्हणायची. सोलरूनला स्वतःची लाज वाटली.

तिने पुस्तकाच्या पाठीवरची चिठ्ठी नखाने सोलून काढली, 'ह'ची नवी छापून चिकटवली आणि पुस्तक हालिनापुढे धरलं.

"ठेव तूच."

हालिनाने स्कर्टला हात पुसले आणि पुस्तक हाल्दोर नावाच्या लेखकाच्या पुस्तकानंतर सरकवून दिलं. खरं म्हणजे ते हाल्दोरच्या आधी यायला हवं होतं. सोलरूनला ते तेव्हाच दिसलं. तिने दोन्ही हात स्वेटरच्या खिशात घातले आणि कॉफी घेणार का, असं विचारलं.

पुस्तक अजून तिथेच आहे.