पाय न टेकता कापड बाजार

शामकांत देवचके आमच्या मोजणी ऑफिसात सर्व्हेअर होते. सावकाश माणूस. बांधावर साखळी टाकताना सावकाश, नकाशावर शाई ओढताना सावकाश. शेतकऱ्यांना ते आवडायचे. हद्दीच्या भांडणात दोन्ही बाजूंना वाटायचं, हा माणूस घाई करत नाही, म्हणजे लबाडीही करणार नाही.

नगरात त्यांचं नाव मात्र वेगळ्याच गोष्टीसाठी होतं. आमच्या गल्लीच्या गणपतीत दर वर्षी संथ सायकल शर्यत लागायची. रस्त्यावर चुन्याच्या रेघा, दोन रेघांत हातभर अंतर, आणि जो सगळ्यांच्या शेवटी पोचेल तो पहिला. पाय जमिनीला लागला की बाद. शामकांत लागोपाठ अकरा वर्षं पहिले आले होते. बाकीचे अडखळत, हसत, एकमेकांवर पडत पुढे निघून जायचे आणि हा चाळिशी उलटलेला चष्मेवाला माणूस पुढचं चाक किंचित तिरपं करून, ओठ मिटून, जवळजवळ जागच्या जागी उभा असायचा. कडेची गर्दी "गोगलगाय! गोगलगाय!" असा गलका करायची. त्यात कौतुक किती आणि चेष्टा किती, हे मला कधी कळलं नाही. त्यांनाही कळलं नसावं. एकदा बाभळीच्या विरळ सावलीत भाकरी खाताना ते मला म्हणाले होते, "मी हळू जातो ते मला जमतं म्हणून, की जोरात जायला भितो म्हणून? खरंच सांगता येत नाही हो."

बेचाळीस वर्षांच्या माणसानं असा प्रश्न तोंडाने उच्चारणं सोपं नसतं.

बाहत्तर सालच्या मार्चात भिंगारजवळच्या एका बंगल्याची हद्द मोजायला आम्ही दोघं गेलो. बंगल्यात एक मेजर राहत होते. त्यांची बदली लागली होती, सामान बांधलेलं होतं. व्हरांड्यात ताडपत्रीखाली काहीतरी होतं. मेजरांनी ताडपत्री ओढली. विकायला काढलेली ट्रायम्फ मोटरसायकल. साडेसहाशे सीसी, दोन सिलिंडर. नगरात तेव्हा जावा म्हणजे शान आणि बुलेट म्हणजे दरारा. ही गाडी त्या दोघींनाही बाजूला सारून उभी होती, आणि तिला त्याचं काही विशेष वाटत नव्हतं. मेजरांनी किक मारली तशी कौलांवरची कबुतरं उडाली. शामकांतांनी हातातली नोंदवही मिटली. मोजणी अर्धवट सोडून त्यांना उठताना मी पहिल्यांदाच पाहिलं.

ते गाडीभोवती एकदा फिरले आणि मागच्या ब्रेकपाशी बसले. मेजर हसले. हिंदीत म्हणाले, रोज तरणी पोरं बघायला येतात, सगळ्यांचे डोळे वेगाच्या काट्यावर. ब्रेक बघणारे तुम्ही पहिले. आठ दिवस घेऊन जा. पटली तर ठेवा.

किमतीची अडचण नव्हती. घरात नवरा-बायको दोघंच, दोघंही कमावते. अडचण अशी की, शंभर मैलांच्या वेगाची ही गाडी नगरात आणून करायचं काय? रस्त्यांवर टांगे, हातगाड्या, उसाच्या बैलगाड्या, मधोमध रवंथ करणाऱ्या गायी. राजूरला मोजणीला जायचं तर एस.टी. बदलत दिवस मोडतो, जामखेडला गेलं की मुक्काम पडतो, अशी कारणं त्यांनी मला सांगितली. मी मान हलवली. कारणं माणूस मागाहून गोळा करतो. आधी छातीत काहीतरी सुरू झालेलं असतं.

भावाची जावा त्यांनी दोन वर्षं चालवली होती, तेवढाच अनुभव. तिसऱ्या दिवशी ते एकटेच चांदबिबीच्या महालाकडच्या रस्त्याला लागले. रस्ता मोकळा होता. त्यांनी मूठ पिळली.

संध्याकाळी घरी आल्यावर अंबिकावहिनींनी त्यांच्या सदऱ्याच्या पाठीतून बाभळीचा काटा काढला. त्या मुलींच्या शाळेत संस्कृत शिकवायच्या. आवाज कधी चढायचा नाही, म्हणून पोरी जास्त घाबरायच्या.

"अहो, हे काय?"

"काटा."

"काटा मला दिसतोय. सर्व्हेअर बाभळीत पाठीनं का शिरला, ते विचारतेय."

शामकांतांना खोटं बोलता येत नसे. "वळणावर मी रस्त्याच्या कडेकडे बघितलं. बघायला नको होतं. आपण बघतो तिकडेच गाडी जाते."

"लागलं?"

"गुडघा. आणि..." ते थांबले. "अगं, वळण येईपर्यंत फार छान वाटत होतं."

वहिनींनी काटा खिडकीबाहेर टाकला. त्यांना नाही म्हणायचं असतं तर ते एका शब्दात झालं असतं. त्या म्हणाल्या, "पळवताना गाडी तुम्हाला नेते. त्यात तुमचं काय? तिला हळू नेता येते का तुम्हाला, ते मला बघायचंय."

"म्हणजे?"

"शनिवारी संध्याकाळी सहा वाजता. कापड बाजारातून तेलीखुंट, तिथून चितळे रोडनं दिल्ली दरवाजा. मी मागं बसणार. तुमचा पाय एकदा जरी टेकला, तरी सोमवारी गाडी मेजरांच्या व्हरांड्यात."

"अंबिका, शनिवारी त्या गर्दीत लोक सायकलसुद्धा हातात धरून नेतात!"

"गाडी रस्त्यावरच चालवायची आहे ना? मग आपला रस्ता तो आहे. आणि मला फसवू नका. अकरा वर्षं शर्यतीच्या रेघेपाशी उभी राहून मी तुमचे पायच बघत आलेय."

हे सगळं त्यांनी मला दुसऱ्या दिवशी ऑफिसात सांगितलं. चेहऱ्यावर भीती होती, आणि तिच्या खाली काहीतरी चमकत होतं.

झेंडीगेटला पुंजाराम मेस्त्रीचं गॅरेज होतं. माणूस जामखेडकडचा, हात काळे, जीभ मोकळी. त्याला बरोबर घेऊन शामकांत रोज पहाटे सावेडीच्या माळावर जाऊ लागले. मी सायकलवरून मागे. माळावर त्यांनी चुन्याच्या रेघा मारल्या. पुंजाराम मागच्या सीटवर बसायचा आणि बडबडायचा.

"सायेब, ही हत्तीन हाय. तुमी तिला गोगलगाईवानी चालवाय बघताय."

"क्लच किती सोडू?"

"निम्मा. निम्म्याचा बी निम्मा. आन् मागचा ब्रेक जरासा दाबून धरा. तिला वाटलं पायजेल, मालक चल म्हनतोय आन् नगं बी म्हनतोय. माज्या बायकूवानी!"

पहिल्या दिवशी सात वेळा पाय टेकला. दुसऱ्या दिवशी चार. साडेसहाशेचं इंजिन पायी चालण्याच्या वेगाला आणायचं म्हणजे रागावलेल्या माणसाला कुजबुजायला लावण्यासारखं आहे. पण शुक्रवारी ती माळाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत रेघांच्या आत गेली. त्यांचे पाय गाडीच्या पाय ठेवायच्या पाटांवरून हलले नाहीत. पुंजाराम उतरून म्हणाला, "लई झ्याक. आता बाजार काय, माळ काय!"

शनिवारी सहाला त्यांच्या दारात निम्मी गल्ली जमली होती. वहिनी पाचवारी साडीत बाहेर आल्या आणि बायका बसतात तशा दोन्ही पाय डावीकडे सोडून मागे बसल्या. शामकांतांनी पाय उचलायला म्हणून गाडी सरळ केली, आणि ती डावीकडे कलली. पुन्हा सरळ केली, पुन्हा कलली. त्यांचा चेहरा पांढरा पडला.

पुंजारामनं कपाळावर हात मारून घेतला. "आयला! बाई एका अंगाला बसत्यात, ह्ये कुनाच्याच ध्यानात आलं न्हाई! मी बसायचो टांगा टाकून!"

चार पहाटा, तीन पुरुष, आणि एकाच्याही डोक्यात ते आलं नव्हतं. बायको मागं बसणार हे माहीत होतं. ती कशी बसते, हे आम्ही रोज रस्त्यावर बघत होतो.

"आज नको," शामकांत पुटपुटले. "सगळं वजन एकीकडे जातंय. शंभर पावलंसुद्धा जमणार नाही."

कोणीतरी ओरडलं, "गोगलगाय शंखात चालली!" हशा झाला. वहिनी खाली उतरल्या आणि सरळ घरात गेल्या. आम्हाला वाटलं, संपलं. शामकांत गाडीचं हँडल धरून उभे होते. कुठं बघावं ते त्यांना सुचत नव्हतं.

दहा मिनिटांनी दार उघडलं. वहिनी नऊवारी नेसून आल्या होत्या. सासूबाईंचं जांभळं नऊवारी लुगडं, कुळाचाराच्या दिवशी नेसायचं, काष्टा घट्ट खोचलेला. त्यांनी शामकांतांच्या खांद्यावर हात ठेवला, पाय पलीकडे टाकला आणि पुरुषासारख्या गाडीवर बसल्या.

शेजारच्या नीलांबरीबाईंना राहवलं नाही. "अगंबाई, वहिनी! अशा? बाजारातून?"

"नीलांबरी, वजन दोन्हीकडं सारखं टाकायचंय. त्याला दुसरा इलाज असेल तर सांग."

शाळेतल्या दोन पोरी तोंडावर हात ठेवून उभ्या होत्या. वहिनींनी त्यांच्याकडे बघितलं. "सोमवारी शब्द चालवून घेणार आहे मी. पाठ झालेत ना?" पोरी पळाल्या.

मग त्या नवऱ्याच्या कानाशी वाकल्या. "मी परीक्षा घ्यायला बसलेय. ओझं व्हायला नाही. चला."

कापड बाजाराच्या तोंडापर्यंत सगळे गाडीबरोबर चालत आले. तिथं पाय उचलले गेले आणि ट्रायम्फ गर्दीत शिरली. मी पंधरा हातांवरून चालत होतो, मला पळावं लागत नव्हतं. दोन्ही बाजूंनी दुकानदार पायऱ्यांवर आले. कापडाचे तागे उलगडलेले तसेच राहिले. गाडीचा आवाज दबलेला, खोल, एखादं मोठं जनावर स्वतःशीच बोलत असावं तसा. एक हातगाडी आडवी आली, शामकांत तिला वळसा घालून गेले. एक गाय बसलेली होती, तिनं उठायचं मनावर घेतलं नाही. तिच्या शेपटीच्या बाजूनं ते गेले. त्यांची नजर चाकावर नव्हती, लोकांवर नव्हती. लांब, तेलीखुंटाच्या पलीकडे कुठंतरी होती.

तेलीखुंटावर गोजरबाई कैऱ्यांची पाटी रस्त्यात मांडून बसली होती. एका बाजूला टांगा, दुसऱ्या बाजूला गटार. वाट फक्त पाटीवरून. शामकांतांनी हॉर्न वाजवला नाही. पुढचं चाक तिरपं केलं आणि गाडी जवळजवळ थांबवली. बोटभर पुढे, पुन्हा अडलेली, पुन्हा बोटभर.

"मावशी, पाटी घ्या की जरा," पुंजाराम मागून ओरडला.

"घेते की! कैऱ्या हायत, कापूस न्हाई!" गोजरबाई वर बघत म्हणाली. मग तिनं गाडीवरच्या जोडप्याला नीट न्याहाळलं. "आन् तुमी काय असं लटकलाय, दादा? टेकवा की पाय. कोन बघतंय?"

"मी बघतेय," मागून अंबिकावहिनी म्हणाल्या.

शे-दोनशे माणसं हसली आणि लगेच गप्प झाली, कारण गाडी डुलत होती. शामकांतांच्या मानेवरून घाम ओघळत होता. पोटरीचा स्नायू ताठला होता. मी मनात मोजत होतो. पाच, सहा, सात. उजवी टाच पाटावरून नखभर उचलली गेली आणि माझं मोजणं थांबलं. वहिनींनी काहीच केलं नाही. त्या नुसत्या ताठ, शांत बसून राहिल्या, दोन्ही गुडघे सारखे, आणि टाच परत पाटावर आली. गोजरबाईनं पाटी कमरेवर घेतली. गाडी तिच्या लुगड्याला न शिवता पुढं सरकली.

कोणीतरी टाळी वाजवली. मग चितळे रोड सगळाच ओरडायला लागला. या वेळी त्यात चेष्टा नव्हती. अकरा गणपतींत मी असा आवाज ऐकला नव्हता. दिल्ली दरवाजाच्या कमानीखालून ते गेले तेव्हा माझे डोळे भरून आले होते, आणि का ते मला समजत होतं. हा माणूस कधीच भ्यालेला नव्हता. त्याच्या सावकाशपणाला पेलण्याजोगं वजनच आजवर कुणी दिलं नव्हतं.

कमानीबाहेर ते थांबतील असं आम्हाला वाटलं. शामकांतांनाही तसंच वाटलं होतं. त्यांनी मान वळवून विचारलं, "झालं ना? ठेवायची ना गाडी?"

"ठेवायची. ते तेलीखुंटावरच ठरलं." वहिनींनी पदर खांद्यावरून घेऊन कमरेला खोचला. "आता पळवा."

"काय?"

"पळवा म्हणतेय. आणि कडेला बघू नका."

नालेगावची घरं संपेपर्यंत ते हळूच गेले. मग सीनेच्या पुलापलीकडे, कल्याण रोडच्या मोकळ्या पट्ट्यावर, तो आवाज उघडला. आम्ही सगळे कमानीपाशी उभे राहून ऐकत होतो. पुंजाराम बोटांवर गिअर मोजत होता, "दुसरा... तिसरा..." आवाज लांब, वर, आणखी वर चढत गेला, सरळ, कुठं न डगमगता. चौथा पडला तेव्हा पुंजारामनं डोक्यावरची टोपी हवेत उडवली.