मावशीच्या डोळ्यातले थेंब

एसटीतून रिटायर झालो आणि घरात बसवेना. सगळी नोकरी घाटातून गाडी चढवण्या-उतरवण्यात गेलेली. आता खुर्चीत बसल्या बसल्या उजवा पाय आपोआप ब्रेक शोधायचा. पेपर उघडायचा, मिटायचा. गेटापर्यंत जायचं, परत यायचं. मधूनच छातीत धडधडायचं, की लगेच मनगट धरून नाडी बघायची. डॉक्टरांनी बीपीची गोळी दिली, रोज चाला म्हणाले. चाललो. पण चालतानाही सगळं ध्यान छातीकडंच. बायको वैतागायची, "एका जागी बसा, न्हाईतर कुठंतरी जावा. तुमच्या येरझाऱ्यानं माझं डोकं गरगरायलंय."

दिवाळीनंतर शेजारच्या मावशीचा मुलगा आणि सून ऊसतोडीला गेले. घरी मावशी आणि तिच्या शेळ्या. त्यातच तिचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं. डोळ्यात थेंब टाकायला कुणी नव्हतं. बायकोचा हात थरथरतो, म्हणून तिनं मला पाठवलं.

पहिला थेंब गालावर पडला. मावशी खेकसली, "येवढी मोठी गाडी घाटातून काढायचास, अन् डोळा घावना व्हय रं तुला?"

तिला वाकायला आणि धुळीत जायला मनाई होती. शेळ्या दावणीला ओरडायच्या. मला ते ऐकवेना. दावी सोडली आणि धारूरच्या किल्ल्याखालच्या माळावर घेऊन गेलो. त्या माझं कशाला ऐकतायत? एक थेट तुरीत घुसली. रानवाला बांधावरून ओरडला, "डायवर, गाडी रानात काहून घातली बे?" मी तिच्यामागं पळत सुटलो. घरी आलो तेव्हा कुसळं पँटला चिकटलेली आणि भूक अशी लागलेली, की बायको भाकरी थापेपर्यंत दम निघेना.

एका सकाळी थेंब टाकायला गेलो, तर मावशीचा डोळा लालभडक. पदरानं चोळला होता तिनं. मी तिला तसंच उठवलं आणि अंबाजोगाईची गाडी पकडली. वाटेत एका वळणावर मावशी म्हणाली, "डोळा गेला तर लेक मला ठिवून कामाला कसा जाईल रं?" मला ड्रायव्हर गाडी फार सावकाश हाकतोय असंच वाटत राहिलं. दवाखान्यात तिचा नंबर येईस्तोवर मी दारात आत-बाहेर करत होतो. शेवटी डॉक्टर म्हणाले, "बरं झालं लगेच आणलंत. डोळ्याला धोका नाही." मावशीनं माझा हात धरला आणि बाहेर येईस्तोवर सोडला नाही.

घरी आल्यावर बायकोनं विचारलं, "धडधड झाली का?" दिवसभर मला माझ्या छातीची आठवणच झाली नव्हती.

पुढच्या खेपेला माझ्या डॉक्टरांनी बीपी मोजलं, उतरलेलं दिसलं म्हणून पुन्हा मोजलं. "काय करताय हल्ली?"

"शेळ्या राखतो."

ते हसले. चालण्याचा गुण, म्हणाले. असेलही. पण मी आधीही चालतच होतो की. गोळी मात्र चालूच आहे, ती सोडू नका असं त्यांनी बजावलंय.

गुढीपाडव्याच्या सुमारास मुलगा-सून परतले. मावशीला लख्ख दिसायला लागलं होतं. शेळ्या त्यांच्याकडं गेल्या, थेंब तर कधीच संपलेले आणि माझ्या येरझाऱ्या पुन्हा सुरू झाल्या. मावशीनं ते ओट्यावरून बघितलं. "वरच्या आळीत एका म्हाताऱ्याचं अर्धं अंग लुळं पडलंय. चालवा म्हनलेत डाक्टर. धरायला कुनी न्हाई. जा तिकडं."

गेलो. आता रोज सकाळी जातो. म्हातारा एक पाय घासत, श्वास घेत, थांबत पुढं सरकतो. हळू चालणं मला काही जमत नाही; नकळत पुढं निघून जातो. मग तो चांगल्या हातानं माझा सदरा मागं ओढतो.

"दम धर की बे. कुठं गाडी सुटायलीय तुझी?"