काईमास्तरांची बारव

काईमास्तर आधी मारायचे, मग चूक सांगायचे. अणदूरच्या शाळेत त्यांची थप्पड न खाल्लेला एक जण दाखवा, मी मिशी उतरवतो. निजामी अंमल, त्यामुळं शिकवणं उर्दूत. शिव्या मात्र आमच्या बोलीत, आणि त्या आम्हाला चांगल्या समजायच्या.

त्यांचा जीव शेवाळावर, म्हणजे त्यांच्या काईवर. बारवेतलं शेवाळ कुणी उपसू लागलं की हे काठी घेऊन धावायचे. केसासारख्या त्या धाग्याला ते स्पायरोगायरा म्हणत आणि त्यातली वेटोळी हिरवी पट्टी आम्हाला सूक्ष्मदर्शकातून दाखवत. “ऊन खाती, प्राणवायू सोडती. दिवसा बुडबुडे धरून वर येती, रातीला खाली बसती. तुमच्यापरीस शहाणी हाय.”

पुढं निजामाचा महसूल बुडावा म्हणून शिंदीची झाडं तोडणाऱ्यांत मी शिरलो. उन्हाळ्यात निजामाच्या बाजूचे बंदूकवाले गावात घुसले. घरं पेटवली, माझ्या सोबत्याला वेशीत गोळी घातली. पहाटे मी मास्तरांचं दार ठोठावलं. त्यांनी एक थप्पड लगावली आणि मला बारवेत नेऊन कमानीखालच्या अंधारात गळाभर पाण्यात उभं केलं. “आत्ता काई तळाला हाय. ऊन चढलं की वर यील, तू उतरल्याची खूण झाकंल. काय बी ऐकू आलं तरी हलायचं न्हाय, गाढवा.”

दुपारी बंदूकवाले बारवेवर आले. तोवर पाण्यावर हिरवी गोधडी पसरली होती, कुठंही न फाटलेली. “यात महिनाभर कुणी उतरलं न्हाय,” एक जण म्हणाला. दुसरा पायरीवर बसलेल्या मास्तरांवर ओरडला, “मुसलमान असून त्याला लपवतोस?” मग बंदुकीच्या दस्त्यांचे घाव. दात फुटल्याचा आवाज मी पाण्यात उभ्यानं ऐकला. मास्तरांनी त्यांच्या सात पिढ्या उद्धारल्या. माझा पत्ता दिला नाही.

निजामाचं राज्य गेलं आणि पावसाळ्यात आमच्यातलेच लोक कुऱ्हाडी घेऊन मास्तरांच्या घरावर चालून आले. मुसलमान, एवढाच गुन्हा. मी उंबऱ्यात आडवा पडलो. “यांच्यामुळं मी जिता हाय रं,” म्हणून त्या लोकांचे पाय धरले. त्यांनी मला नावानं हाक मारली, दादा म्हणाले, उचलून बाजूला धरून ठेवलं आणि माझ्या डोळ्यांदेखत मास्तरांना तोडलं.

पुढच्याच आठवड्यात गावानं माझा सत्कार ठेवला, स्वातंत्र्यासाठी लढलो म्हणून. मास्तरांना तोडणाऱ्यांतलाच एक जण हार घेऊन पुढं आला. मी तो तोडून त्याच्या तोंडावर फेकला. तेव्हापासून गाव मला येडा म्हणतं. म्हणू दे.