चादरीचं दुसरं टोक

आमच्या लॉन्ड्रीत हॉटेलांच्या मोठ्या चादरींची घडी दोघींनी घालायची असते. एक टोक एकीकडे, दुसरं दुसरीकडे. ताणायची, झटकायची, चालत जवळ यायचं, टोकं जुळवायची, पुन्हा मागे सरायचं. स्टार्चबाई आणि वहिनी हे काम इतकी वर्षं एकत्र करत होत्या, की मधे बोलायची गरजच पडत नसे. स्टार्चबाई हे नाव आम्ही ठेवलेलं, कारण तिची मान कुणापुढे वाकत नाही. घरी तिचं ना सुनेशी पटतं, ना लेकाशी. सुट्टीचा दिवस तिला खायला उठतो. वहिनी मात्र सगळ्यांचीच वहिनी, अगदी मालकांचीसुद्धा. मी शेजारच्या इस्त्रीच्या मशीनवर असतो, त्यामुळे मला सगळं दिसतं आणि सगळं ऐकावंही लागतं.

मग नवी आली. तिशीतली, हसरी, हाताला चटपटीत. थोड्याच दिवसांत वहिनी दुपारी स्टार्चबाईला टॉवेलांकडे पाठवून नवीला चादरीवर घ्यायला लागली. झालं! स्टार्चबाई नवीला पाण्यात पाहू लागली. टॉवेल असे आपटायची, की त्यांनी हिचं काय घोडं मारलंय कोण जाणे.

"घडी बघितलीस तिची? त्यापेक्षा गाठोडं बरं," मला ऐकवायची.

घडी चांगली होती. पण मला रोज संध्याकाळी याच बाईबरोबर बसची वाट बघायची असते, म्हणून मी मान डोलावली.

अशात एके दुपारी वहिनीनं आम्हां तिघांना जेवायला नेलं. कशाबद्दल, ते सांगेना. हॉटेल सुशीचं. ताटल्या पट्ट्यावरून फिरत येतात, आवडेल ती उचलायची. आम्ही काउंटरला ओळीनं बसलो. आधी नवी, मग वहिनी, मग स्टार्चबाई आणि शेवटी मी. म्हणजे चांगलंचुंगलं आधी नवीसमोर येणार आणि माझ्यापर्यंत उरलंसुरलं.

प्रत्येक ताटलीत दोन तुकडे. वहिनीनं कोळंबीची ताटली उचलली, एक तुकडा खाल्ला, दुसरा नवीला दिला. मग अंड्याची आली. दुसरा पुन्हा नवीलाच. स्टार्चबाईनं आपली बशी मुद्दाम वहिनीच्या कोपरापर्यंत सरकवली. वहिनीचं लक्षच नव्हतं. ती नवीला हळू आवाजात काहीतरी समजावत होती आणि नवी शहाण्यासारखी हं हं करत होती.

"सवत परवडली," स्टार्चबाई माझ्या कानाशी पुटपुटली. "ती निदान घरीच छळते."

"तू तुझं खा की."

"घशाखाली उतरत नाही."

पण तिनं रागारागानं तीन ताटल्या एकदम उचलल्या आणि सगळ्या एकटीनं संपवल्या. मला एक तुकडा विचारला असेल तर शपथ!

शेवटी तिला राहवेना. हातातल्या काड्या तिनं आडव्या टाकल्या.

"वहिनी, तोंडावर सांग. माझी घडी वाकडी यायला लागली का? हिला काय सोनं लागलंय?"

वहिनीनं तोंड पुसलं. "खांदा गेलाय माझा. डॉक्टरांनी जड काही ओढायचं नाही म्हणून सांगितलंय. महिनाअखेर मी काम सोडतेय."

स्टार्चबाईनं तिच्या खांद्याकडे पाहिलं.

"तू डावीकडून हिसका देतेस ना, तो नवख्या हाताला झेपत नाही," वहिनी म्हणाली. "कुणीही आली असती तर दोन दिवसांत पळाली असती आणि तू टॉवेलांवर पडली असतीस. म्हणून हिला तयार केलं. तुझ्यासाठीच."

"मला जमतं आता, मावशी," नवी घाबरत म्हणाली.

मला वाटलं, आता स्टार्चबाई रडणार, वहिनीच्या गळ्यात पडणार. मी पाण्याचा ग्लासही पुढे केला. पण स्टार्चबाई नवीकडे बघत होती.

"तुला माहीत होतं? खांद्याचं?"

नवीनं मान डोलावली.

"कधीपासून?"

"आले तेव्हापासून."

स्टार्चबाई वहिनीकडे वळली.

"इतकी वर्षं रोज तुझ्यासमोर उभी आहे मी," ती म्हणाली. "आणि दुखतंय ते आधी हिला सांगितलंस?"