उजवा पाय टेकवताना

धाकटा भाऊ गेल्यापासून त्याच्या कुंग-फूच्या वर्गाकडे मी फिरकलो नव्हतो. काल संध्याकाळी गेलो. शाळेच्या गच्चीवर त्याचे विद्यार्थी बगळ्याची शैली करत होते. हात पंखांसारखे पसरलेले, एक पाय पोटाशी घेतलेला. उजवा पाय खाली टेकवताना मात्र सगळेच डावीकडे किंचित झुकत होते.

तो झुकाव चीनमधून आलेला नाही. लहानपणी पेरूच्या झाडावरून पडून भावाचा उजवा गुडघा दुखावला, तेव्हापासून तो तसा झुके. या मुलांनी त्याचं दुखणंही शैली समजून उचललं होतं.

मला त्यांचा हेवा वाटला. आठवण डोक्यात ठेवायची असते, असं मी आजवर समजत होतो. यांनी तर ती अंगात ठेवली होती. सख्खा भाऊ मी, आणि माझ्याकडे नुसते फोटो.

आता वर्ग घेणारी वैशाली जवळ आली. "काका, एवढं टक लावून बघताय. सरांसारखं जमत नाहीये ना?"

खरं सांगितलं असतं, तर उद्यापासून सगळे सरळ उभे राहिले असते. क्षणभर तसंच व्हावं असं वाटलंही.

"जमतंय," मी म्हणालो. "अजून थोडी झुक."