बोगनवेलीचं पाणी तोडलं तेव्हा

युरियाच्या वासानं अजून आठवतं, आमची भातखाचरं धरणात गेली होती आणि वडील पानशेतजवळच्या एका बंगल्यावर माळीकाम करून घर चालवत होते. हाताला सवय भाताची, म्हणून कुंपणावरच्या बोगनवेलींनाही ते युरिया टाकून रोज पाणी सोडायचे. वेली हिरव्यागार माजल्या, पण फूल एक नाही. मालकीणबाई म्हणाल्या, “उन्हाळ्यात फुलल्या नाहीत तर दुसरा माळी बघते.” मी तेव्हा भोरला कॉलेजात होते. तिथं एसटी स्टँडमागची बोगनवेल, कुणी थेंबभर पाणी न घालता, फुलांनी लगडलेली असायची. हे कसं, ते मला बघायचंच होतं. म्हटलं, एका वेलीचं खत-पाणी तोडू. “झाडाला उपाशी ठिवायचं व्हय?” वडील चिडले. आई हसली, “कालेजात ह्येच शिकिवत्यात जनू!” तरी वडिलांनी कोपऱ्यातली एक वेल मला दिली. दर रविवारी मी जाऊन बघायची. पानं मलूल होऊन गळू लागली, तसे वडील माझ्याशी बोलेनात. मग एका रविवारी वाळक्या दिसणाऱ्या फांद्यांवर राणी रंगाचे ठिपके दिसले. वडिलांनी एक ठिपका बोटानं चाचपला आणि बाकीच्या वेलींचा पाइप गुंडाळून ठेवला. उन्हाळ्यात सगळं कुंपण फुललं आणि त्यांचं काम टिकलं. त्याच कामाच्या पगारावर मी बीएस्सी झाले, आमच्या घरातली पहिली पदवीधर.